आधीचं पाणी

जान्हवीनं तो शब्द अगदी सहज उच्चारला. मार्च महिन्यातली रविवारची संध्याकाळ होती. हिंगोलीत रिसाला बाजारातल्या घरात सरला देवापाशी दिवा लावत होती आणि सूर्यकांत औंढेकर फोन कानाला लावून खिडकीशी उभा होता. मुलीकडे टेक्सासात तेव्हा सकाळ. "बाबा, आमच्या मागच्या माळावर गॅसची विहीर घेणार आहेत," ती म्हणाली. "फ्रॅक्चरिंग करणार आहेत. तुम्ही नोकरीत असताना करायचात ना तसलंच काहीतरी?" पुढचं काही वेळ त्याला ऐकूच आलं नाही. उजव्या तळहातात एक थरथर उठली. लोखंडी पाइपावर हात ठेवला की आतलं दाबलेलं पाणी जशी देतं तशी, बारीक आणि न थांबणारी. तेरा वर्षांत तो शब्द त्याच्यासमोर कुणी काढला नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी भूजल खात्याच्या कचेरीतले लोक भेटले की बोअर, टंचाई, बदल्या यावरच बोलत. तो शब्द त्यानंही काढला नव्हता. आता तो कसलीही चाहूल न लागता समुद्रापलीकडून आला होता, आणि तोही मुलीच्या आवाजात. "बाबा, ऐकताय ना?" जान्हवी सांगत होती की फोर्ट वर्थच्या बाहेर जिथं त्यांनी घर घेतलं तिथं नळ नाही, सगळ्यांच्या स्वतःच्या बोअर आहेत, शंभरेक मीटर खोल. कंपनीचा माणूस जमिनीखालचा गॅस काढू देण्याच्या संमतीचा कागद घेऊन आला होता. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, शुक्रवारपर्यंत यांनी करायची. अनिरुद्ध, म्हणजे जावई, म्हणत होता की करून टाकू, गॅस दोन किलोमीटर खाली आहे, आपलं पाणी कुठं नि ते कुठं. "पण तुम्ही सांगाल तसं करू," ती म्हणाली. "तुम्हाला दगडातलं कळतं." सूर्यकांत म्हणाला, "मला गुरुवारपर्यंत वेळ दे."

दगडातलं कळतं. फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. दगडाची त्याची पहिली आठवण औंढ्याची होती. वडील नागनाथाच्या देवळात पूजेला होते. गाभाऱ्यात जायला जमिनीत उतरावं लागायचं, वाकून, अंग चोरून. उतरताना पाठ दगडाला घासायची आणि सदरा ओला व्हायचा. बाहेर उन्हाळा रणरणत असला तरी तो दगड ओलाच. पाच-सहा वर्षांच्या सूर्यकांतनं वडिलांना विचारलं होतं, हे पाणी कुठून येतं? वडील म्हणाले होते, आतून. एवढंच. पुढं भूशास्त्र शिकला, काळ्या पाषाणाचे थर मोजले, लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक कसा पसरत गेला आणि दोन थरांमध्ये लाल मातीची पातळ पट्टी कशी राहून गेली, ते नकाशावर रंगवलं. तरी 'आतून' या उत्तरापलीकडं आपण फार गेलो असं त्याला कधी वाटलं नाही. १९९१ साली पुण्याला प्रशिक्षण झालं तेव्हा एका थकलेल्या, बारीक आवाजाच्या व्याख्यात्यानं फ्रॅक्चरिंगच्या तंत्राची गोष्ट सांगितली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले तेलवाले विहिरीत स्फोटकं सोडून खालचा दगड फोडायचे. कधी दगड फुटायचा, कधी माणसं मरायची. मग १९४७ साली कॅन्ससमधल्या एका गॅसच्या विहिरीत कुणीतरी स्फोटाऐवजी नुसता दाब देऊन पाहिला. पेट्रोल जेलीसारखं घट्ट करून ते दगडात रेटलं. पहिला प्रयोग फारसा साधला नाही. पण दोन वर्षांत त्याचा धंदा झाला, पुढं पेट्रोलच्या जागी पाणी आलं, आणि पाण्यात वाळू. भेग उघडते तेव्हा वाळूचा कण तिच्यात शिरतो, आणि दाब काढला तरी तो कण डोंगराएवढं ओझं पेलून भेग मिटू देत नाही. हे ऐकताना सूर्यकांतच्या अंगावर काटा आला होता. इथं निजामाचं राज्य होतं त्या वर्षी तिकडं कुणीतरी पृथ्वीच्या आत दार उघडायची किल्ली घडवत होतं. "त्यांनी ते तेलासाठी शोधलं," व्याख्याता म्हणाला होता, "आपण पाण्यासाठी आणलं. आपल्या कामात रसायन नाही, वाळू नाही. नुसतं पाणी." सूर्यकांतनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

त्या रात्री सरलानं दोनदा विचारलं, तिला हो किंवा नाही एवढंच सांगायचंय ना? तो मनानं बोरखडीत होता. १९९५ चा मे महिना. आखाडा बाळापूरच्या अलीकडं फाट्यावर उतरून दोन किलोमीटर आत गेलं की बोरखडी, दोनशे उंबऱ्यांचं गाव. गावची बोअर तीन वर्षांपूर्वी दोनशे फूट घेतलेली, कोरडी. सकाळी गाडी पोचली तेव्हा सगळं गाव भोवती उभं. किल्लारीचा भूकंप होऊन दोन वर्षं झाली नव्हती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या मशीननं जमीन हालंल का, साहेब?" सूर्यकांतनं त्याला समजावलं की बोअरमध्ये रबरी फुगा उतरवायचा, तो फुगवून बोअर बुचासारखी बंद करायची आणि त्याच्या खाली टँकरचं पाणी दाबानं भरायचं, म्हणजे दगडातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. म्हातारा समाधानानं बाजूला झाला नाही, नुसता बाजूला झाला. मशीनवर नेमसिंग होता. बाळापूरकडच्या तांड्यावरचा, कमी बोलणारा, दाबाच्या काट्याकडं बघताना पापणी न हलवणारा. पंप सुरू झाला. काटा साठावर गेला, नव्वदवर, एकशे दहावर. पाइप थरथरायला लागला आणि सूर्यकांतनं त्यावर तळहात ठेवला. काटा एकशे तीसवर जाऊन उभा राहिला. खाली दोनशे फुटांवर काहीतरी नकार देत होतं. साडेसहा कोटी वर्षं ते कुणासाठी हललं नव्हतं. मग आवाज न होता, जमीन न हलता, काटा एकदम चाळिसावर आला. "फुटला, साहेब," नेमसिंग म्हणाला. अगदी हळू, देवळात बोलावं तसं. पाणी आता अडवणूक न होता खाली जात होतं, अख्खा टँकर, आणि वर कुठंच दिसत नव्हतं.

दहा-बारा मिनिटांनी नाल्याकडून एक बाई जवळजवळ पळत आली. पलीकडं धनगरांचं एकच घर होतं, मसाजीचं. ही त्याची बायको, सिंधूबाई. तिला धाप लागली होती. "साहेब," ती म्हणाली, "आमचा हापसा आपोआप वाहून राहिला. कोणी हात लावला न्हाई." सगळे तिच्यामागं गेले. नाला ओलांडून तीनशे पावलं. मसाजीच्या दारातल्या हापशाचा दांडा खाली लोंबत होता, निश्चल, आणि तोटीतून मनगटाएवढी धार पडत होती. मेंढरं अर्धवर्तुळ करून उभी होती, पाण्याकडं बघत, पण पीत नव्हती. मसाजीनं पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या. त्याची चौदा वर्षांची मुलगी शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं ओंजळ पुढं केली आणि परत मागं घेतली. सूर्यकांतनं धारेखाली हात धरला. पाणी कोमट होतं आणि त्याला शेवाळाचा वास येत होता. हाच वास सकाळी त्यानं टँकरच्या तोंडाशी घेतला होता. इसापूरच्या धरणाचं पाणी. ते टँकरमधून बोअरमध्ये, बोअरमधून त्या न हलणाऱ्या काळोखात, लाल मातीच्या पट्टीवरून सरपटत, नाल्याच्या बुडाखालून, दहा मिनिटांच्या आत इथं आलं होतं आणि हापशातून वर चढून त्याच्या बोटांमधून वाहत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नकाशावर ज्याला त्यानं वर्षानुवर्षं 'अभेद्य' लिहिलं होतं त्याच्या आत वाटा होत्या, कुणाच्या तरी येण्याची वाट बघत. आयुष्यात इतका आनंद त्याला लग्नात झाला नव्हता, जान्हवी जन्मली तेव्हाही नाही. ही गोष्ट त्यानं सरलाला कधी सांगितली नव्हती. मसाजी त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. धारेकडं बघत म्हणाला, "साहेब, इथवर आलं ते दिसलं. आणखी कुठं कुठं गेलं आसंल हो ते?" सूर्यकांत हसला. "ते आम्हालाही दिसत नाही, मसाजी," तो म्हणाला. त्या हसण्याची आठवण त्याला नंतर कितीतरी वेळा नको झाली.

बोरखडीच्या बोअरला पाणी लागलं. बायकांनी पाइपाला हळदकुंकू लावलं, आणि त्या उन्हाळ्यात गावात टँकर आला नाही. ऑगस्टात मसाजी हिंगोलीला आला. कचेरीच्या पायरीवर बसून राहिला, आत बोलावलं तेव्हा आला. हापशाचं पाणी आधी लाल झालं होतं, आता त्याला वास येत होता. शिवकन्येला कावीळ झाली होती. सूर्यकांत दुसऱ्याच दिवशी गेला. तपासणीची छोटी बाटली बरोबर होती. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि दिवसरात्र ठेवायचं, पाणी दूषित असलं तर ते काळं पडतं. बाटली काळी पडली, शाईसारखी. गावात फिरताना त्याला सगळं लख्ख दिसलं. बोअरपासून चाळीस फुटांवर गावाचे उकिरडे होते, गोठ्यांचं पाणी तिथंच जिरत होतं. ते पूर्वी तिथंच जिरून राहायचं. आता खाली वाट होती. जी वाट त्यानं उघडली होती तीच. ती उकिरड्यांखालून, बोअरच्या खालच्या अंगानं उतार धरून मसाजीच्या दारात निघत होती. दोनशे घरांना पाणी मिळालं होतं, ते चांगलं होतं. एका घराचं गेलं होतं. अहवालाच्या छापील कागदावर एक रकाना होता, कामापूर्वीच्या नमुन्याशी तुलना. कामापूर्वी हापशाचा नमुना घेतलाच नव्हता. गावच्या बोअरचं काम, नाल्यापलीकडच्या हापशाचा नमुना कोण घेतो? दोन दिवस त्या रकान्याकडं बघून त्यानं लिहिलं, "पूर्वीचा नमुना उपलब्ध नसल्याने संबंध सिद्ध होत नाही." खाली सही केली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्या वाक्याच्या आधारावर मसाजीचा नव्या हापशाचा अर्ज परत गेला, कारण एका घरासाठी हापसा बसत नव्हता आणि नुकसान झाल्याचं सिद्ध नव्हतं. पाणी कुणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग लावायला सूर्यकांत स्वतः गेला. दांडा काढून घ्यायचा नियम होता. मसाजी म्हणाला, "दांडा आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." तो त्यानं ठेवू दिला. निघताना सिंधूबाईला तपासणीची एक रिकामी बाटली दाखवून ती कशी भरायची, किती वेळ ठेवायची ते सांगितलं. का सांगितलं ते त्याला आठवत नव्हतं. बहुधा काहीतरी बोलायला हवं म्हणून.

मंगळवारी तो नांदेडकडं जाणाऱ्या एसटीत बसला. सरला म्हणाली होती, "अमेरिकेच्या विहिरीसाठी बाळापूरला काय जाता?" तो म्हणाला, "मला माहीत नाही म्हणून जातो." आदल्या दिवशी तो इंटरनेटच्या दुकानात तीन तास बसला होता. तिथं वाचलेलं डोक्यात मावत नव्हतं. तिकडं गॅससाठी दोन किलोमीटर सरळ खाली जातात आणि तिथं पाइप आडवा वळवतात. पुन्हा किलोमीटरभर आडवं, लोकांच्या घरांखालून, शाळांखालून, कुणाला पत्ता न लागता. एका विहिरीला कोटीभर लिटर पाणी, वर वाळू, वर रसायनं. त्यानं मनात हिशेब केला, हजार टँकर. बोरखडीला दोन लागले होते. त्यातलं काही पाणी खारट होऊन वर येतं आणि ते दुसरीकडं आणखी खोल दाबून टाकतात. काही गावांत विहिरी नासल्याची लोकांची तक्रार होती. कंपन्यांचं म्हणणं होतं की दोष आमच्या भेगांचा नाही, पाणी आधीपासून तसंच होतं. ते वाक्य वाचताना त्यानं दुकानातल्या खुर्चीची कड घट्ट धरली होती. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्याच्या छातीत भरलं होतं. त्या पातळ, काळ्या, दाबून गेलेल्या थरात तीस-बत्तीस कोटी वर्षं कोंडलेला वायू. तेव्हा इथला काळा पाषाण जन्मालाही आला नव्हता. आणि माणूस तिथवर हात घालतो, वर उभा राहून, काट्याकडं बघत. नेमसिंगसारखा कुणीतरी तिथंही असेल, पापणी न हलवणारा. कळमनुरीला गाडी थांबली, बाजारच्या बायका चढल्या, आणि त्याला वाटलं, या सगळ्यांच्या पायाखाली काय काय चाललंय ते मला कळतं असं माझी मुलगी समजते.

नाल्यापलीकडचं घर आता पत्र्याचं होतं. सिंधूबाई दारात लोकर विंचरत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं त्याला लगेच ओळखलं. "बसा, साहेब," ती म्हणाली. "मालक मेंढरं घेऊन कनेरगाव नाक्याकडं गेलेत." आतून शिवकन्या आली, पाण्याचा तांब्या घेऊन. सत्तावीस वर्षांची बाई, कडेवर लेकरू. गावातच दिली होती, अंगद नावाच्या शेतकऱ्याला. कावीळ बरी व्हायला दीड महिना लागला होता आणि सातवीची शाळा सुटली ती सुटलीच, हे तिनं पाणी देता देता सांगितलं, तक्रार म्हणून नाही. सूर्यकांतला तांब्या तोंडाला लावता येईना. समोर हापसा होता, लाल रंग उडून विटकरी झालेला. दांडा बसवलेला होता.

"दांडा कधी बसवला?" त्यानं विचारलं.

सिंधूबाई उठली आणि आतल्या कोनाड्यातून एक फडकं घेऊन आली. फडक्यात सात बाटल्या होत्या. तिनं त्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. सहा काळ्या. आतलं पाणी आटून काचेला काजळासारखं धरलेलं. सातवी पिवळसर होती, आरपार दिसणारी. "दर वर्साला पोळा झाला की दांडा लावायचा," ती म्हणाली, "बाटली भरायची, दांडा काढायचा. नर्सबाईकून बाटली मागून आणू. काळी पडली की ठिवून देवू. मालक म्हणायचे काहून करून राहिली, ते काय आता चांगलं व्हनार हाय. मी म्हनलं, साहेबानं सांगितलं व्हतं." ती थांबली. "सातव्या सालाला काळी न्हाई झाली. मी नर्सबाईला इचारलं, बाटली खराब हाय का? त्या म्हनल्या, न्हाई सिंधूबाई, पानी साफ हाय." सूर्यकांतनं ती सातवी बाटली हातात घेतली. सात वर्षं. गावानं उकिरडे हलवले नव्हते, कुणी काही दुरुस्त केलं नव्हतं. दगडानं स्वतःच, कणाकणानं, त्या वाटेत गाळ भरला होता, किंवा पाण्यानं दुसरी वाट धरली होती. कुणाला कळणार? आणि इकडं एक न शिकलेली बाई दर वर्षी त्या काळोखाला एकच प्रश्न विचारत होती आणि उत्तर जपून ठेवत होती. सबंध खात्यात असा अभ्यास कुणी केला नव्हता. "आता पिता का?" त्यानं विचारलं.

"चार वर्सं पेलो. ग्वाड पानी. मंग लोकायनं चारशे-चारशे फुटाच्या बोअरी घेतल्या, चाळीसेक असतील. आता खाली काईच न्हाई. नळ आलाय, त्याचं भरतो."

मग त्यानं सांगितलं. बाटली हातात तशीच धरून, शिवकन्येच्या पायांकडं बघत सांगितलं की तेव्हा मला माहीत होतं. घाण पाणी आमच्या कामामुळंच आलं होतं. मी कागदावर सिद्ध होत नाही असं लिहिलं. सिंधूबाई लोकर विंचरत राहिली. "कागद आला व्हता आमाला," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दाखवला. खाली तुमचीच सही व्हती." कडेवरचं लेकरू हात पुढं करून बाटली मागत होतं. सूर्यकांत कशाची तरी वाट बघत होता, शिवीची किंवा माफीची. दोन्ही आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तवा तुमी मशीन लावायच्या आधी एक बाटली भरून ठिवली असती, त झालं असतं. मंग कोनाला काई म्हनता आलं नसतं. तुमालाबी न्हाई." आणि शिवकन्येला म्हणाली, "साहेबाला च्या टाक."

गुरुवारी संध्याकाळी सातला त्यानं स्वतः फोन लावला. तिकडं सकाळचे साडेआठ. जान्हवीनं उचलला आणि तो बोलायच्या आधीच म्हणाली, "बाबा, सही झाली. अनिरुद्धनं काल करून दिली. आम्ही नाही म्हटलं असतं तरी शेजाऱ्यांच्या जागेतून ते घेणारच होते. सोमवारी मशीन येतंय. रागावलात?" तो रागावला नव्हता. त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला हो किंवा नाही म्हणावं लागलं नाही याची सुटका वाटत नाहीये. त्यानं तिला बोरखडी सांगितली. आपोआप वाहणारा हापसा, शेवाळाचा वास, आणि अहवालातलं ते वाक्य जसंच्या तसं. सरला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातातलं पातेलं तसंच. तीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती. जान्हवी म्हणाली, "बाबा, तुम्ही असं लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग आता मी काय करू?"

"धुतलेली काचेची बाटली आहे घरात?"

"आहे."

"दोन घे. नळ सोड आणि पाच मिनिटं वाहू दे. पाइपात साठलेलं जाऊ दे, खालचं पाणी यायला पाहिजे. बाटलीच्या तोंडाला बोट लावू नकोस. भरली की वर तारीख लिही, वेळ लिही, शेजारणीची साक्ष घे. एक आजच्या आज प्रयोगशाळेत दे. मिठाची, धातूंची, वायूची, सगळी तपासणी करा म्हणावं. एक तुझ्याजवळ ठेव. आणि दर वर्षी भर. विहीर बंद झाली तरी भर."

"किती वर्षं?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "इथं सात लागली. तिथलं कुणालाच माहीत नाही, जान्हवी. जे करतात त्यांनाही नाही."

तिनं फोन ओट्यावर ठेवला असावा. खुर्ची सरकल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळ सुटला. सूर्यकांतनं सरलाला हातानं जवळ बोलावलं आणि फोन दोघांच्या कानांमध्ये धरला. पाणी पडत होतं. आधी फुटक्या, हवेनं भरलेल्या आवाजात, मग सलग. पृथ्वीच्या त्या अंगाला शंभर मीटर खालून वर चढत होतं, अजून कुणी न हलवलेल्या दगडातून. सरलानं डोळे मिटले. पाच मिनिटं ते दोघं तसेच उभे राहून ते ऐकत राहिले.